कोंकणची सागरयात्रा

बागलाणांतील नामपूर हें गांव मोसम नदीच्या कांठीं वसलेलें आहे. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगांतून निघालेली ही लहानशी नदी नामपुरावरून पुढें मालेगांवीं गिरणेस मिळते, गिरणा खानदेश ओलांडून तापीस मिळते आणि तापी सुरतेच्या खालीं अरबी समुद्रांत शिरते. म्हणजे नामपूरच्या शेतांवरून वाहून गेलेलें पावसाचें पाणी शेवटीं समुद्रासच जातें. नामपूरचा मनुष्य मात्र कांद्याचा बाजार आणि डाळिंबाच्या बागा सोडून सहसा तेथवर जात नाहीं.

तरी त्या मुलखाचें समुद्राशीं नातें जुनें आहे. साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाचें एक लहानसें देऊळ आहे. याच शिखरावरून भार्गवरामानें बाण सोडला, समुद्रास मागें हटविलें आणि कोंकणची भूमि वर काढली, अशी त्या भागांतील परंपरागत समजूत आहे. इतिहासकाळांत सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल बागलाणच्या वाटांनीं दक्षिणेंत चढत असे, आणि १६७० च्या ऑक्टोबरांत सुरतेहून परतणारे शिवाजी महाराजही याच प्रांतांतून आले. ज्या डोंगरावरून समुद्र मागें ढकलला गेला असें म्हणतात, त्या डोंगराच्या पायथ्याचा एखादा प्रवासी तो समुद्र पाहावयास निघाला, तर त्यानें कोणत्या वाटेनें जावें, काय पाहावें आणि कशास भ्यावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

मालेगांवावरून मनमाडास आणि मनमाडाहून आगगाडीनें मुंबईस, इथपर्यंतचा मार्ग सर्वांच्या परिचयाचा आहे. मुंबईपुढें मात्र दोन वाटा फुटतात. एक कोंकण रेल्वेची. २६ जानेवारी १९९८ पासून ही रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली आणि कोंकणी माणसाचे शतकाचे कष्ट तिनें हलके केले, हें निर्विवाद आहे. परंतु ज्यास कोंकणचा किनारा पाहावयाचा आहे त्याची तिच्या खिडकीपाशीं निराशाच होते. रूळ किनाऱ्यापासून बरेच आंत, डोंगर पोखरून नेलेले आहेत. बोगदा संपतो तों खाडीवरील पूल येतो, आणि पूल संपतो तों पुन्हां बोगदा. समुद्र असा दिसतच नाहीं. दुसरी वाट प्रत्यक्ष पाण्यावरची. ती फार जुनी आहे, आणि किनाऱ्याचें खरें मुख पाहावयाचें असेल तर तीच खरी. कारण कोंकणचे किल्ले, दीपगृहें आणि बंदरें हीं सर्व समुद्राकडे तोंड करून उभीं आहेत. जमिनीवरून जाणाऱ्यास त्यांची पाठच तेवढी दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८० नंतरच्या कांहीं वर्षांपर्यंत, शंभरांहून अधिक वर्षें, या वाटेवर प्रवासी आगबोटी चालत होत्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर सकाळीं भोंगा होई. तत्पूर्वींच चाकरमानी मंडळी वळकट्या, ट्रंका आणि पोरेंबाळें घेऊन डेकवर शिरलेली असत. ज्याची पथारी आधीं पडली त्याची ती जागा, असा तेथील अलिखित कायदा. ही काहीं हौसेची सहल नव्हती. घरीं जाण्याचा स्वस्त आणि पुष्कळांस एकमेव मार्ग म्हणून लोक बोटींत बसत. सहलीची हौस ही त्यांच्या डोळ्यांस फुकट मिळत असे, इतकेंच.

ती हौस बंदराबाहेर पडतांक्षणीं सुरू होई. एका बाजूस कुलाब्याच्या टोंकाचें दीपगृह मागें पडे आणि दुसऱ्या बाजूस खांदेरी व उंदेरी हीं दोन बेटें दिसूं लागत. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर किल्ल्याचें काम काढलें तेव्हां मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. त्यांचीं जहाजें पावसाळी समुद्रांत तें बेट अडवून बसलीं, तरी तटबंदीचें काम थांबलें नाहीं. पुढें लवकरच सिद्दीनें शेजारच्या उंदेरीवर ठाणें दिलें. दोन बेटांमधील अंतर पाहिलें म्हणजे एवढ्याशा पाण्यासाठीं एवढें रक्त कां सांडलें तें समजतें: या दोन खडकांच्या मालकास मुंबईंत येणारें-जाणारें प्रत्येक शीड मोजतां येत असे. पुढें अलिबागेचा कुलाबा किल्ला, ओहोटीस पायीं जातां येणारा आणि भरतीस चोहोंकडून वेढला जाणारा. त्यापुढें मुरूडचा जंजिरा, ज्याच्या भिंती लाटांतूनच वर आल्यासारख्या वाटतात. मराठ्यांस तो कधींच जिंकतां आला नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत हीं नांवें ओळीनें येतात. बोटीच्या कठड्यापाशीं उभें राहिल्यावर मात्र प्रत्येकाचा दुसऱ्याशीं असलेला संबंध दृष्टीस पडतो.

हर्णै येथें प्रवाशास समुद्राचा पहिला खरा धडा मिळे. आगबोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यांत दूर नांगर टाकून उभी राही, आणि किनाऱ्याकडून पडाव डुलत डुलत तिच्या कुशीस येत. शिडी खालीं सोडली जाई. लाटेबरोबर पडाव पुरुषभर वर येई आणि क्षणांत तितकाच खालीं जाई. तो वर येण्याच्या अगदीं टोंकास असतां पाऊल टाकावयाचें, एवढीच काय ती विद्या. परंतु ती एका क्षणाची असे. क्षण चुकला तर खालीं जाणाऱ्या पडावाबरोबर मनुष्य हवेंत राही. खलाशी दंड धरून ओढून घेत, लुगड्याचा पदर सांवरणाऱ्या बायकांना जवळजवळ उचलून ठेवीत, आणि तान्हीं मुलें तर एका हातांतून दुसऱ्या हातांत एखाद्या नारळासारखीं जात. पडावांत बसून वर पाहिलें तर आगबोट डोंगराएवढी दिसे. पाठीमागें पाहिलें तर सुवर्णदुर्ग. आंग्र्यांचा हा किल्ला १७५५ मध्यें कमोडोर जेम्सनें पेशव्यांच्या साह्यानें घेतला. मराठ्यांनीं मराठ्यांचें आरमार मोडण्यास परक्याचा हात धरावा, ही गोष्ट त्या काळ्या तटाकडे पाहतांना आजही बोचते.

आगबोट धक्क्यास कां लागत नसे? याचें उत्तर सह्याद्रींत आहे. कोंकणपट्टी अरुंद आहे. डोंगरांतून सुटलेल्या नद्या पन्नास-साठ मैलांत समुद्रास मिळतात. त्यांच्या मध्यें काळ्या कातळाचे सुळके बोटांसारखे पाण्यांत पुढें आलेले आहेत. नदीनें आणलेला गाळ आणि लाटांनीं लोटलेली वाळू खाडीच्या तोंडाशीं एकमेकांस भेटतात व तेथें पाण्याखालीं एक बांध तयार होतो. दाभोळास वाशिष्ठीच्या मुखाशीं असाच बांध आहे. भरती पाहूनच तो ओलांडावा लागे. वादळांत जहाज आंत शिरूं पाहील तर ज्या खाडींत आसरा आहे तिच्या उंबरठ्यावरच लाटा फुटत असतात. आणि येथेंच या किनाऱ्याची मौज आहे. जें सौंदर्य पाहावयास प्रवासी येतो, म्हणजे ते पुढें आलेले कडे, त्यांच्यामधील अर्धचंद्राकृति पुळणी, पाण्यांतून डोकावणारे खडक आणि माडांच्या आड लपलेलीं खाड्यांचीं मुखें, तेंच सर्व नाविकाच्या नकाशावर धोक्याच्या खुणांनीं भरलेलें असतें. शोभा आणि संकट या किनाऱ्यावर वेगवेगळीं नाहींत. एकाच कातळाच्या त्या दोन बाजू आहेत.

रत्नागिरीस उतरलेल्यानें भगवतीचा किल्ला व दीपगृह पाहावें, आणि वेळ असल्यास थिबा राजाचा वाडाही. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा इंग्रजांनीं १८८६ मध्यें येथें आणून ठेवला. वाडा १९१० मध्यें पुरा झाला आणि १९१६ मध्यें राजा येथेंच वारला. तीस वर्षें त्याच्यासमोर समुद्र होता आणि त्याचा उपयोग मात्र नव्हता. कैद्यास ठेवण्यासाठीं इंग्रजांनीं हीच जागा निवडली यांत त्यांचा हिशेब दिसतो.

विजयदुर्ग हा या किनाऱ्याच्या नियमास मोठा अपवाद. वाघोटन खाडीच्या मुखाशीं असूनही तेथें वाळूचा बांध नाहीं, पाणी खोल आहे, आणि कोणत्याही हवेंत जहाजास आंत येतां येतें. आंग्र्यांनीं आपल्या आरमाराचें मुख्य ठाणें तेथें कां केलें हें सांगावयास इतिहासकार नको. एखादा तांडेलही तें सांगेल. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला तेव्हां बंदरांतलें आंग्र्यांचें आरमार जळून खाक झालें. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर भर समुद्रांत पाण्याखालीं प्रवाळांचें एक विस्तीर्ण पठार आहे, त्यास नकाशांत आंग्रियाचें नांव आहे. कान्होजीच्या घराण्याचें गलबत आज एकही उरलें नाहीं. त्याचें नांव मात्र समुद्राच्या तळाशीं टिकून आहे.

मालवणास गेलेला मनुष्य सिंधुदुर्ग पाहिल्यावांचून परत येत नाहीं. १६६४ मध्यें कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. बेटाभोंवतीं पाण्याखालीं इतके खडक पसरलेले आहेत कीं वाट माहीत असल्याखेरीज मोठ्या जहाजास जवळ येतां येत नाहीं. महाराजांनीं जागा निवडली ती याच कारणासाठीं. जो खडक परक्यास शत्रु तोच घरच्या नावाड्यास पहारेकरी. आंत राजारामाच्या वेळचें शिवाजी महाराजांचें देऊळ आहे, आणि दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींचें पाणी गोड आहे. चोहोंबाजूंस खारें पाणी असतां मध्यें गोड झरा लागावा, याचें नवल देशावरच्या, पाण्याचा घोट जपून वापरणाऱ्या माणसास जितकें वाटेल तितकें कोंकण्यास वाटणार नाहीं. पुढें वेंगुर्ल्यास डचांची जुनी वखार, समुद्रांत खडकांचा पुंजका व त्यावरील दीप, आणि मग गोवा. मुंबईहून पणजीपर्यंत आगबोटीस सुमारें एक दिवस आणि एक रात्र लागे.

येथवर समुद्राच्या सौजन्याचें वर्णन झालें. त्याच्या दुसऱ्या स्वभावाकडे वळण्यापूर्वीं एका लहानशा पण अत्यंत क्लेशदायक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. ती म्हणजे बोट लागणें. देशावरचा धट्टाकट्टा मनुष्य, ज्यानें कधीं वैद्याचें तोंड पाहिलें नाहीं, तो हर्णै येईपर्यंत पथारीवर मेल्यासारखा पडतो. याचें कारण पोटांत नसून कानांत आहे. अंतःकर्णांतील समतोलाचें इंद्रिय मेंदूस सांगतें कीं शरीर हलत आहे. बंद खोलींत भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात कीं सर्व स्थिर आहे. या दोन साक्षींच्या विसंगतीनें मेंदू गोंधळतो आणि ओकारी येते. म्हणून केबिनींत जाऊन निजणें हा उपाय नव्हे, तो बहुधा अपाय आहे. बोटीच्या मध्यावर, जेथें हेलकावा कमी, तेथें उघड्यावर बसावें आणि दृष्टि क्षितिजावर ठेवावी. नाळेजवळ बसणारास देखावा चांगला दिसतो खरा, परंतु झोंकाही तोच अधिक खातो. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये व तुडुंबही भरूं नये. जुन्या प्रवाशांच्या फडक्यांत आल्याची वडी असे. तिचा उपयोग आतां वैद्यकशास्त्रही बऱ्याच अंशीं मान्य करतें.

आतां ऋतूंविषयीं. कोंकणांतील समुद्र जूनमध्यें मिटतो आणि श्रावणांत नारळी पौर्णिमेस उघडतो. नैर्ऋत्येचा मोसमी वारा हजारों मैलांच्या मोकळ्या पाण्यावरून येतो; किनाऱ्यावर तीन-चार मीटरांच्या लाटा त्या दिवसांत नित्याच्याच होतात. म्हणून आगबोटींची फेरी मे अखेरीस बंद पडे, आणि सुटी संपवून परतणाऱ्या चाकरमान्यास शेवटच्या बोटीची चिंता लागे. नारळी पौर्णिमेची ही रूढि केवळ धर्मभोळेपणाची आहे असें समजणाऱ्यांनीं जहाजाच्या कुशीवरील भाररेषा पाहाव्या. जहाज किती भरावें याची खूण त्याच्या अंगावरच असावी, हा आग्रह इंग्लंडांत सॅम्युएल प्लिमसोल यानें धरला आणि १८७६ मध्यें त्याचा कायदा झाला. पुढें राष्ट्राराष्ट्रांनीं मिळून जगांतील समुद्रांचे व ऋतूंचे विभाग पाडले. १९६६ च्या करारांत अरबी समुद्रासाठीं १ सप्टेंबर ते ३१ मे हा काल सौम्य धरला आहे. १ जून ते ३१ ऑगस्ट या तीन महिन्यांत जहाजानें भार कमी घेऊन पाण्यावर अधिक उंच राहावें असा नियम आहे. परदेशांत बसलेल्या तज्ज्ञांनीं मोजमाप करून जी तारीख काढली, तीच थोड्या फरकानें आमच्या कोळ्यानें नारळ सोडून काढली होती. आज यांत्रिक नौकांस पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते, तीही याच धोरणाला धरून. तिचा आणखी एक हेतु माशांच्या विणीचा काळ राखणें हा आहे.

हा मिटलेला समुद्र उघडूं गेल्यास काय होतें, तें १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईनें पाहिलें. स्वातंत्र्यास एक महिना उरला नव्हता. आषाढी अमावास्येचा सुमार होता. अमावास्येचें उधाण आणि पावसाळी वारा एकत्र आलेले. 'रामदास' ही १९३६ सालीं बांधलेली आगबोट सकाळीं आठाच्या सुमारास भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. प्रवास अवघा दीड-दोन तासांचा. बोटींतील बहुतेक मंडळी सणासाठीं आपापल्या घरीं निघालेली होती; आपण समुद्रप्रवासास निघालों आहों असें त्यांतील कोणाच्या मनांतही नसेल. मुंबई बंदराच्या तोंडाशीं, काशाच्या खडकानजीक, वाऱ्यापावसाच्या झोडपण्यांत बोट कलली. पाणी आंत आलें, लोक भयानें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस धांवले, तेवढ्यानें तिचा उरलासुरला तोलही गेला आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. रेवसकडचे कोळी आपले मचवे घेऊन त्या समुद्रांत होते. त्यांनीं हातांतला धंदा सोडून पाण्यांतील माणसें वर ओढून घेतलीं. मुंबईस बातमी कळली ती कांहीं तासांनीं, पोहून वांचलेल्यांच्या तोंडून. ज्या शहराच्या धक्क्यावरून बोट सुटली, त्या शहरास ती बुडाल्याचा पत्ता नव्हता.

या अपघातांतील मुख्य गोष्ट ही, कीं प्रवास लहान होता. लांबच्या सफरीस निघालेला मनुष्य हवा विचारतो, बोट विचारतो. अर्ध्या दुपारच्या आंत घरीं पोंचणारा कांहींच विचारीत नाहीं. आणि भरगच्च बोटींत एकाच वेळीं एकाच बाजूस धांवणारे उतारू हा लाटेइतकाच मोठा धोका असतो. आजही होडीच्या सहलींत एखादा डॉल्फिन दिसला कीं सारी मंडळी एका काठाकडे लोटते. होडीवाला ओरडतो तें उगाच नव्हे.

परंतु मिटलेल्या समुद्राची भीति सर्वांस ठाऊक आहे. अधिक फसवा आहे तो उघडलेला समुद्र. ८ नोव्हेंबर १८८८ रोजीं कच्छच्या मांडवीहून 'वैतरणा' नांवाची आगबोट मुंबईस निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. काठेवाडच्या किनाऱ्याजवळ ती वादळांत सांपडली आणि सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. तिचें कांहींच हातीं लागलें नाहीं. गुजराथी लोकगीतांत ती अजून जिवंत आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं कोंकणच्या फेरीवरील 'तुकाराम' आणि 'जयंती' या दोन्ही आगबोटी एकाच दिवशीं वादळांत बुडाल्या. आणि ११ नोव्हेंबर २००९ रोजीं, त्याच तारखेस, 'फयान' नांवाचें चक्रीवादळ अलिबाग व मुंबई यांच्यामध्यें किनाऱ्यावर आलें. चक्रीवादळ म्हणून नांव मिळाल्यापासून एका दिवसाच्या आंतच तें येऊन थडकलें. रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक मच्छीमार त्या दिवसाचे परत आले नाहींत.

तारखा जुळल्या हा योगायोग. महिना जुळला हा मात्र योगायोग नव्हे. मोसमी वारा माघार घेतो त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत आणि तो येण्यापूर्वींच्या मे-जूनमध्यें अरबी समुद्राचें पाणी तापलेलें असतें, आणि वरचे वारे वादळास मोडून टाकण्याइतके जोरकस नसतात. चक्रीवादळें बहुधा याच दोन सांध्यांत जन्मतात. ३ जून २०२० चें 'निसर्ग' आणि मे २०२१ चें 'तौक्ते' हीं पहिल्या सांध्यांतलीं. म्हणजे नारळी पौर्णिमा समुद्राचा दरवाजा उघडते खरी. पण उघड्या दरवाजांतूनही वर्षाकाठीं एखादें तुफान आंत येऊं शकतें, आणि तें दिवाळीच्या सुट्टीच्या आगेंमागें येतें, हें ध्यानांत ठेवणें बरें. देशावरचा प्रवासी नेमका त्याच सुट्टींत किनाऱ्यावर जातो.

यावर उपाय म्हणून बंदरांत बावटे लावण्याची पद्धति आहे. हवामानखात्याची स्थापना १८७५ ची. त्याच्या सूचनेवरून बंदराच्या काठीवर दिवसा शंकूच्या व नळकांड्याच्या आकृति आणि रात्रीं दिवे चढवितात; त्यांचे अकरा क्रम आहेत. पहिला बावटा दूर समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र असल्याचा. तिसरा, म्हणजे खुद्द त्या बंदरास सोसाट्याच्या वाऱ्याचा संभव असल्याचा. आठवा, नववा व दहावा हे महाभयाचे; आणि अकरावा सर्वांत भयंकर, कारण त्याचा अर्थ एवढाच कीं हवामानकचेरीशीं संपर्क तुटला आहे. 'तीन नंबरचा बावटा लागला' हें वाक्य कोंकणच्या बंदरांत पोरासोरांनाही समजतें. आज इशारा खिशांतील यंत्रावर येतो. पण १८८८ त समुद्रावर निघालेल्या बोटीस तो पोंचण्याजोगा नव्हता, आणि 'वीजळी'च्या उतारूंपाशीं आभाळाकडे पाहण्यापलीकडे उपाय नव्हता. हा फरक लहान नव्हे. तरी फयानच्या वेळीं इशारा असूनही पुष्कळ होड्या खोल समुद्रांतच होत्या. इशारा देणें आणि तो पोंचणें या दोन गोष्टी आहेत.

मधल्या काळांत सहलीच्या जहाजांनीं या वाटेवर पुन्हां डोकें वर काढलें. २०१८ च्या ऑक्टोबरांत 'आंग्रिया' नांवाची नौका मुंबई-गोवा फेरीवर निघाली; २०२१ पासून 'कॉर्डेलिया' हें त्याहून पुष्कळ मोठें जहाज मुंबईहून गोव्यास व लक्षद्वीपास जाऊं लागलें. त्यांत झोपण्याची, जेवण्याची, करमणुकीची उत्तम सोय असते, आणि डेकवरच्या त्या जुन्या हालांची आठवणही राहत नाहीं. एक गोष्ट मात्र हरवली. 'आंग्रिया' सायंकाळीं निघे आणि सकाळीं गोव्यास पोंचे, म्हणजे हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा सारा किनारा ती अंधारांत ओलांडी. आगबोटीच्या काळीं दरिद्री उतारूसही जो सुवर्णदुर्ग दिसला, तो आजच्या पैसेवाल्या प्रवाशास दिसत नाहीं. ज्यास तो पाहावयाचा आहे त्यानें बंदराबंदरावर जमिनीनें उतरावें आणि तेथून स्थानिक होडी करावी. कोंकणच्या सागरयात्रेचा आज एवढाच तुकडा शिल्लक आहे, पण तो सर्वांत रसाळ आहे. त्यांत धोकाही जुनाच आहे, आणि तो टाळण्याची चावी होडीवाल्याच्या हातीं असते. तो आज नको म्हणाला तर दुप्पट पैसे दाखवून त्यास नेण्याची खटपट कोणी करूं नये. नामपूरहून इतक्या लांब आलों, उद्यां गाडी आहे, मुलें रडतात, हीं कारणें त्यास ठाऊक आहेत. समुद्रास ठाऊक नाहींत.

डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या फेऱ्यांस उत्तम. तेव्हांही लाटा अजिबात नसतात असें नाहीं. इराणच्या आखाताकडे 'शमाल' नांवाचा थंड वारा सुटतो; त्यानें तिकडे उठविलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून दोन-एक दिवसांनीं आमच्या किनाऱ्यावर येतात, आणि स्वच्छ आकाशाखालीं, वारा नसतांना, पाणी एकाएकीं कां उसळलें याचें प्रवाशास कोडें पडतें. एरवीं सकाळीं समुद्र तव्यासारखा सपाट असतो. दुपार होऊं लागली कीं जमीन तापते, समुद्रावरून वायव्येचा वारा धरतो आणि लहान, आंखूड, खडबडीत लाटा उठतात. त्या होडी बुडवीत नाहींत, पण अंगावर येतात. सिंधुदुर्गास जावयाचें तर मालवणच्या धक्क्यावर सकाळीं आठालाच उभें राहावें. उशिरां गेलेल्यास किल्ला तितकाच चांगला दिसतो, पण तो परततो तेव्हां धोतराचा सोगा पिळीत परततो.